वाट पाहण्याचा अर्थ: समवर्ती लॉजिक भाषांमधला संवाद

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉन्करंट प्रोलॉग, पार्लॉग, जीएचसी (गार्डेड हॉर्न क्लॉजेस) या समवर्ती, म्हणजे अनेक प्रोसेस एकाच वेळी चालवणाऱ्या, लॉजिक भाषांत चॅनेल नाही, सेंड-रिसीव्ह नाही, लॉकही नाही. आहेत ती फक्त क्लॉज (म्हणजे नियम) आणि व्हेरिएबल. मग दोन प्रोसेसमधला संवाद होतो तरी कुठे? आणि त्याचे फॉर्मल सिमँटिक्स, म्हणजे प्रोग्रॅमच्या अर्थाची काटेकोर गणिती व्याख्या, लिहायचे तर प्रोलॉग या मूळ लॉजिक भाषेसाठी जे वापरतो ते का पुरत नाही? विचारणारे स्वतः अशी एक छोटी भाषा बनवत आहेत. प्रत्येक प्रोसेसचा अर्थ 'सुरुवातीची माहिती आणि शेवटची माहिती यांच्या जोड्या' असा घेतला तर चालेल का, असेही त्यांनी विचारले आहे.

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो: जोड्यांनी भागणार नाही. का भागणार नाही ते खाली सात क्लॉजमध्ये दाखवतो. ती सात क्लॉज एकदा हाताने चालवून पाहिली की या विषयातला निम्मा गुंता सुटतो. या भाषांत प्रोसेस काय सांगते याइतकेच ती कशासाठी थांबते आणि कुठवर थांबते यालाही महत्त्व आहे. थांबण्याला जागा न देणारी व्याख्या संवादाचा अर्थ पकडू शकत नाही.

प्रोलॉगपासून सुरुवात करू. व्हॅन एम्डेन आणि कोवाल्स्की यांनी १९७६ मध्ये दाखवले की हॉर्न क्लॉजच्या ('या सगळ्या अटी खऱ्या असतील तर ही गोष्ट खरी' अशा नियमांच्या) प्रोग्रॅमचा अर्थ तीन वाटांनी काढला तरी उत्तर एकच येते. एक, प्रोग्रॅम चालवून जे सिद्ध होते ते. दोन, सर्वांत लहान हरब्रँड मॉडेलमध्ये, म्हणजे सगळे क्लॉज पाळणाऱ्या सर्वांत छोट्या तथ्यसंचात, जे खरे असते ते. तीन, क्लॉजमधून पायरीपायरीने निष्कर्ष काढणाऱ्या ऑपरेटरचा सर्वांत लहान फिक्स्ड पॉइंट, म्हणजे आणखी नवे काही निघत नाही तो टप्पा. हे इतके नीट जुळते, कारण प्रोलॉगमध्ये चुकीचा क्लॉज निवडला तरी मागे फिरता येते. शोधाचे सगळे झाड आपल्या हातात असते.

समवर्ती भाषांनी ही मागे फिरायची वाट मुद्दाम बंद केली. तसे करणे भागच होते. एका प्रोसेसने व्हेरिएबलला किंमत दिली, दुसरीने ती वाचून पुढे दहा पावले टाकली, तर पहिलीने 'मी शब्द मागे घेते' म्हणून कसे चालेल? म्हणून क्लॉजमध्ये एक उभी रेघ आली. रेघेच्या डावीकडे डोके (कोणत्या प्रोसेसला लागू) आणि गार्ड (पूर्वअट), उजवीकडे अंग (पुढे करायची कामे). डावीकडचे जुळले की प्रोसेस त्या क्लॉजला बांधली जाते. बाकीचे क्लॉज तिच्यासाठी संपतात.

आता हा एक क्लॉज बघा. या लेखात क्ष, य, झ यांसारखी सुटी अक्षरे प्रोसेसच्या कंसात आली की ती व्हेरिएबल समजा:

क(१, झ) :- खरे | झ = १.

तर्कशास्त्राच्या नजरेने वाचला तर क(क्ष, झ) ला एक उत्तर आहे: क्ष = १, झ = १. प्रोलॉग ते लगेच देईल. जीएचसीमध्ये हीच प्रोसेस दोन्ही व्हेरिएबल रिकामी ठेवून सोडली तर ती काहीच करत नाही. पहिल्या जागी १ येण्याची ती वाट पाहते. ते कोणी दिलेच नाही तर ती तशीच थांबून राहते. ती अपयशी ठरत नाही आणि यशस्वीही ठरत नाही. तार्किक वाचनात या स्थितीला नावच नाही, कारण तिथे उभी रेघ म्हणजे साधे 'आणि'. प्रोग्रॅम यशस्वी संपला तर त्याचे उत्तर तार्किकदृष्ट्या बरोबर असते, एवढी हमी टिकते. पण जे जे तार्किकदृष्ट्या बरोबर आहे ते सगळे मिळेल, ही हमी गेली. शिवाय डेडलॉक, म्हणजे वाट पाहत कायमचे अडकून राहणे, ही नवी गोष्ट आली.

संवाद कुठे होतो, तर सामाईक व्हेरिएबलमध्ये. ते एकदाच लिहिता येते, कितीही वेळा वाचता येते. एकदा लिहून चॅनेल कसे होणार, ही शंका रास्त आहे. त्याची युक्ती अर्धवट यादीत आहे (चौकोनी कंसातली रेघ वेगळी: तिच्या डावीकडे यादीचा पहिला घटक, उजवीकडे उरलेली शेपूट):

पुरव(न, क्ष) :- न > ० | क्ष = [न | क्ष२], म := न − १, पुरव(म, क्ष२).
पुरव(०, क्ष) :- खरे | क्ष = [ ].

पुरवठा करणारी प्रोसेस यादीचा पहिला घटक भरते आणि शेपूट रिकामी ठेवते. ती रिकामी शेपूट म्हणजे पुढच्या निरोपाची जागा. वाचणारी प्रोसेस डोके-शेपटीचा आकार दिसेपर्यंत थांबते, दिसला की घटक घेते आणि शेपटीकडे वळते. अंगातली तिन्ही कामे समांतर चालतात, हेही लक्षात घ्या. म ची किंमत येईपर्यंत नवी 'पुरव' प्रोसेस आपोआप गार्डपाशी खोळंबते. त्यासाठी वेगळी सूचना लिहावी लागत नाही.

याहून सुंदर गोष्ट आहे अपूर्ण निरोपाची. हे खाते बघा:

खाते([जमा(र) | क्ष], श) :- खरे | ट := श + र, खाते(क्ष, ट).
खाते([शिल्लक(उ) | क्ष], श) :- खरे | उ = श, खाते(क्ष, श).

विचारणारा निरोपातच उ नावाची रिकामी जागा पाठवतो आणि खाते ती भरते. उत्तरासाठी वेगळे चॅनेल ठरवायला नको. प्रश्नाबरोबर कोरे पाकीट गेले, ते भरून आले. हे व्हेरिएबल विचारणाऱ्याला आणि खात्यालाच माहीत असते, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये एक खासगी दुवा तयार होतो. हे तंत्र १९८३ च्या सुमारास शापिरो आणि ताकेउची यांनी कॉन्करंट प्रोलॉगमध्ये दाखवले होते. चॅनेलमधून चॅनेल पाठवणारे पाय-कॅल्क्युलस १९९२ मध्ये छापून आले, तेव्हा या भाषांत काम करणाऱ्यांना ती कल्पना ओळखीचीच होती.

थांबायचे केव्हा, यावर मात्र तिन्ही भाषांनी वेगवेगळे मार्ग घेतले. पार्लॉगमध्ये क्लार्क आणि ग्रेगरी यांनी प्रत्येक जागेला इनपुट की आउटपुट हे आधीच जाहीर करायला लावले. शापिरोंच्या कॉन्करंट प्रोलॉगमध्ये व्हेरिएबलवर प्रश्नचिन्ह लावून 'ही जागा फक्त वाचायची' असे सांगतात. टोकियोच्या आयकॉट या संशोधन संस्थेत, जपानच्या पाचव्या पिढीच्या संगणक प्रकल्पात, काझुनोरी उएदा यांनी १९८५ मध्ये जीएचसी मांडली. तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो: डोके आणि गार्ड यांनी बोलावणाऱ्याच्या व्हेरिएबलला हात लावायचा नाही, लावावा लागत असेल तर थांबायचे. मला हा नियम तिन्हींत सर्वांत पटतो. त्यातून वाचणे आणि लिहिणे यांची सीमा रेघेवरच ठरते.

प्रश्नचिन्हाची अडचण कागदावर लगेच दिसते. एका प्रोसेसकडे क्ष? आणि क्ष असे दोन घटक आहेत, आणि ते १ व १ यांच्याशी जुळवायचे आहेत. डावीकडून सुरू केले तर क्ष? रिकामे, म्हणून थांबा. उजवीकडून सुरू केले तर क्ष = १ होते, मग क्ष? सुद्धा १, आणि काम फत्ते. युनिफिकेशनचा (दोन रचना जुळवून व्हेरिएबल भरण्याचा) क्रम बदलला की निकाल बदलतो. सिमँटिक्स लिहिणाऱ्याला हे पायात काट्यासारखे सलते, कारण युनिफिकेशनचे मोल त्याला क्रमाची पर्वा नसण्यातच होते.

पुढची मोठी झेप अशी की व्हेरिएबलचा विचार सोडून माहितीचा विचार सुरू झाला. मायकेल माहर यांनी १९८७ मध्ये दाखवले की गार्डची जुळवणी म्हणजे 'आतापर्यंत जमलेल्या माहितीतून ही गोष्ट निघते का' हा तार्किक प्रश्न आहे. विजय सारस्वत यांनी त्यावर कॉन्करंट कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंग उभे केले. मध्ये एक सामाईक स्टोअर असते. टेल म्हणजे त्यात माहितीची भर घालणे. आस्क म्हणजे अमुक माहिती स्टोअरमधून निघते का ते विचारणे. निघत असेल तर पुढे जाणे, नसेल तर निघेपर्यंत थांबणे. स्टोअरमधून काही पुसले जात नाही. त्यामुळे एकदा मिळालेला होकार पुढे कधी नकार होत नाही. खाली जे काही जमते ते या एका गुणावर जमते. आणि इथे तर्कशास्त्र पुन्हा जाग्यावर येते: स्टोअर म्हणजे एक सूत्र, समांतर जोडणी म्हणजे 'आणि', खासगी व्हेरिएबल म्हणजे 'असा एक क्ष आहे की'.

आता ती सात क्लॉज. वरचे क एक, आणि ही सहा:

अ(क्ष, य, झ) :- खरे | क्ष = १, अ२(य, झ).
अ(क्ष, य, १) :- खरे | क्ष = १, य = २.
अ२(य, १) :- खरे | य = १.

ब(क्ष, य, झ) :- खरे | क्ष = १, ब२(य, झ).
ब२(य, १) :- खरे | य = १.
ब२(य, १) :- खरे | य = २.

अ आणि ब एकेकटे चालवा. झ रिकामे असेल तर दोघेही क्ष = १ सांगून थांबतात. झ = २ असेल तरी तेच. झ आधीच १ असेल तर दोघांकडूनही क्ष = १ मिळते आणि य कधी १, कधी २. सुरुवात कशीही करा, शेवटांचा संच दोघांचा सारखाच. म्हणजे जोड्यांच्या व्याख्येनुसार अ आणि ब यांचा अर्थ एकच.

आता दोघांना आळीपाळीने क(क्ष, झ) च्या सोबतीला बसवा, सगळी व्हेरिएबल रिकामी ठेवून. क ला क्ष = १ दिसल्याशिवाय झ भरता येत नाही. अ च्या दुसऱ्या क्लॉजला झ = १ आधी हवे. पण झ येणार क कडून, क थांबलाय क्ष साठी, आणि क्ष सांगण्यासाठी अ ला पहिल्याच क्लॉजने जावे लागते. त्या क्लॉजला बांधला गेला की य = १ हाच शेवट. ब चे तसे नाही. तो आधी क्ष सांगतो आणि झ आल्यावर ठरवतो; य = १ किंवा य = २, काहीही होऊ शकते. एकटे असताना सारखे, सोबतीला तिसरा आला की वेगळे. डेटाफ्लो नेटवर्कमध्ये (एकमेकींना डेटा पुरवणाऱ्या प्रोसेसच्या जाळ्यात) हाच प्रकार ब्रॉक आणि ॲकरमन यांनी १९८१ मध्ये दाखवला होता, आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

हरवले काय? कोणती माहिती कोणत्या माहितीच्या आधी सांगितली, हा क्रम हरवला. म्हणून जोडीऐवजी जोड्यांची माळ घ्यायची. माळेतला प्रत्येक मणी असा: 'स्टोअर असे असताना मी पाऊल टाकले, त्यानंतर स्टोअर असे झाले.' एका मण्याचा शेवट आणि पुढच्या मण्याची सुरुवात यांत फट राहू शकते. ती फट म्हणजे मधल्या काळात इतरांनी घातलेली भर. ब ची एक माळ अशी:

⟨रिकामे, क्ष=१⟩ ⟨क्ष=१ व झ=१, क्ष=१ व झ=१ व य=२⟩

मधल्या फटीत झ = १ कुठून तरी आले आहे. क चा मणी ⟨क्ष=१, क्ष=१ व झ=१⟩ त्या फटीत अगदी बरोबर बसतो, आणि फट न उरलेली सलग माळ तयार होते. रिकाम्यापासून सुरू होणारी सलग माळ म्हणजे पूर्ण प्रोग्रॅमचा एक निकाल. अ कडे स्वतःच ⟨रिकामे, क्ष=१⟩ ने सुरू होणारी आणि य = २ वर संपणारी माळ नाहीच. फरक पकडला गेला. समांतर जोडणीचा अर्थही यातून मिळतो: दोघांच्या माळा अशा ओवायच्या की प्रत्येक पाऊल दोघांपैकी एकाचे असेल. माळेच्या टोकाला एक खूण हवी: काम संपले, खोळंबले, की स्टोअरमध्ये विसंगती आली. ही खूण विसरलात तर डेडलॉक पुन्हा अदृश्य होतो.

सीएसपीवर (होअर यांच्या, चॅनेलमधून संवाद करणाऱ्या प्रोसेसच्या सिद्धांतावर) वाढलेले लोक इथे विचारतात की प्रत्येक टप्प्यावर प्रोसेस काय नाकारू शकते तेही नोंदवायला नको का. तिथे ते लागते, कारण तिथला संवाद समकालिक आहे. पाठवायला समोरच्याची संमती हवी. इथे टेलला कोणाची संमती लागत नाही. एक प्रोसेस क्ष = १ सांगते आणि मग य = १ की य = २ ते ठरवते; दुसरी ते आधीच मनात ठरवून मग क्ष = १ सांगते. सीएसपीत या दोघी वेगळ्या. इथे जगातली कुठलीही सोबत त्यांना वेगळे ओळखू शकत नाही, कारण य चे सांगणे अडवणारा कोणीच नाही. नाकारण्याचे संच घेतले तर सिमँटिक्स नको तिथे भेद करते. द बोअर, कोक, पालामिदेस्सी आणि रुटन यांनी १९९१ मध्ये हे नेमके मांडले: असमकालिक संवादाला टोकाची खूण असलेल्या सरळ माळा पुरतात.

पुरतात म्हणजे किती? कोणत्याही सोबतीला वेगळे न वाटणारे दोन प्रोग्रॅम सिमँटिक्सलाही वेगळे वाटता कामा नयेत आणि उलटही, या गुणाला 'फुली ॲबस्ट्रॅक्ट' म्हणतात. कच्च्या माळा तेवढ्या चांगल्या नसतात. एखादी प्रोसेस मध्ये एक फुकटचे पाऊल टाकते, काहीच भर घालत नाही, तरी तिची माळ वेगळी दिसते. म्हणून माळांचा संच काही नियमांखाली फुगवून घ्यावा लागतो: मध्ये ⟨स, स⟩ असा मणी घातला तरी चालेल, आणि कमी माहितीवर टाकता येणारे पाऊल जास्त माहितीवरही टाकता येईल. दुसरा नियम वैध आहे तो केवळ 'होकाराचा नकार होत नाही' या गुणामुळे. फ्लॅट कॉन्करंट प्रोलॉगसाठी (गार्डमध्ये फक्त साध्या चाचण्या ठेवणाऱ्या कॉन्करंट प्रोलॉगच्या आवृत्तीसाठी) असे सिमँटिक्स गर्थ, कोडिश, लिख्टेनस्टाइन आणि शापिरो यांनी १९८८ मध्ये दिले. कन्स्ट्रेंट भाषांसाठी द बोअर व पालामिदेस्सी यांनी १९९१ मध्ये.

आता या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग. तुमच्या प्रोसेसमध्ये निवडच नसेल, म्हणजे एका वेळी लागू पडणारा क्लॉज फार तर एकच असेल, तर माळांची गरजच उरत नाही. अशी प्रोसेस म्हणजे स्टोअरवरचे एक फंक्शन आणि त्याला तीन गुण आहेत: ते माहिती कमी करत नाही, जास्त माहितीवर चालवले तर निकालही निदान तेवढाच येतो, आणि दुसऱ्यांदा चालवले तर नवे काही घडत नाही. गणितात याला क्लोजर ऑपरेटर म्हणतात. त्याची गंमत अशी की ते कुठे शांत बसते, त्या स्टोअरांचा संच कळला की सगळे कळले. सारस्वत, रिनार्ड आणि पनंगडेन यांनी १९९१ मध्ये यावर आख्खे सिमँटिक्स बांधले.

करून पाहू. क(क्ष, झ) कुठे शांत बसते? जिथे क्ष = १ निघत नाही तिथे (कारण ती वाट पाहते), किंवा जिथे झ = १ आधीच निघते तिथे (कारण सांगायला काही उरले नाही). 'क्ष = १ सांग' ही प्रोसेस कुठे शांत? जिथे क्ष = १ निघते तिथे. दोघी एकत्र शांत कुठे, तर दोन्ही संचांच्या छेदात: क्ष = १ आणि झ = १ दोन्ही निघणारी स्टोअर. त्यांतले सर्वांत कमी माहितीचे स्टोअर म्हणजेच निकाल. समांतर चालणे म्हणजे संचांचा छेद! कोणी आधी पाऊल टाकले, कोणी नंतर, हा विचारच करावा लागला नाही. विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर हे करताना मला दर वेळी तोच आनंद होतो. पहिल्यांदा मी स्वतः हे सोडवले तेव्हा आधी चार पाने इंटरलीव्हिंग (पावलांचे सगळे संभाव्य क्रम) लिहून बसलो होतो.

दोन स्ट्रीम (अर्धवट यादीतून येणारे निरोपांचे प्रवाह) मिसळणारी मर्ज प्रोसेस आली की हे सुख संपते, कारण तिथे निवड खरीच आहे. तेवढ्या भागापुरत्या माळा वापरा. (मर्जने दोन्ही स्ट्रीमना न्याय द्यावा, एकीला कायमचे उपाशी ठेवू नये, हे सांगायला सांत (मर्यादित लांबीच्या) माळा पुरत नाहीत, तो वेगळा विषय आहे.)

तुमची भाषा ठरवताना एक निर्णय लवकर घ्या: टेल करताना विसंगती आधी तपासायची की नाही. तपासून, सुसंगत असेल तरच बांधले जायचे, हा ॲटॉमिक टेल. फ्लॅट कॉन्करंट प्रोलॉगमध्ये तो आहे, आणि दोन प्रोसेसमध्ये एकालाच संधी द्यायची असेल तर फार उपयोगी पडतो. पण त्यात माहिती वाढल्यावर, आधी शक्य असलेले पाऊल अशक्य होऊ शकते. माळा फुगवण्याचा दुसरा नियम तिथेच कोलमडतो, आणि वितरित यंत्रावर लॉकही मागच्या दाराने परत येतात. नुसती भर घालून पुढे जायचे, हा इव्हेंच्युअल टेल; जीएचसीची वाट ही. दोघांनी एकाच व्हेरिएबलला १ आणि २ सांगितले तर सगळे स्टोअर विसंगत होते, हा त्यातला धोका. त्यावर उपाय म्हणजे एका व्हेरिएबलला लिहिणारा एकच असेल हे कंपाइल करतानाच तपासणे. मी तुमच्या जागी असतो तर इव्हेंच्युअल टेल आणि एक-लेखक नियम घेतला असता.

एक अनुभव सांगतो. खूप पूर्वी मी तीन प्रोसेसचा एक प्रोग्रॅम लिहिला होता, मध्ये मर्ज. दुसरी स्ट्रीम आधी संपली तर काय करायचे, तो क्लॉज लिहायचा राहिला. चाचण्यांत नेहमी पहिलीच स्ट्रीम आधी संपायची, त्यामुळे सगळे ठीक चालले. एके दिवशी उलटे झाले आणि प्रोग्रॅम नुसता उभा राहिला. एरर नाही, संदेश नाही. मी दोन दिवस वाचणाऱ्या प्रोसेसमध्ये चूक शोधत होतो, कारण थांबलेली तीच दिसत होती. शेवटी कागदावर प्रत्येक प्रोसेसपुढे 'ही आत्ता कोणत्या माहितीसाठी थांबली आहे' असे लिहीत गेलो, आणि मर्जपुढे 'दुसऱ्या स्ट्रीमचा पुढचा घटक' असे लिहिताना हात थबकला. ती स्ट्रीम तर बंद झाली होती. तो कागद म्हणजे माळेच्या टोकाची खूणच होती, हे मला नंतर उमगले.

तुम्ही व्याख्या लिहायला बसाल तेव्हा आधी निवड नसलेला भाग वेगळा काढा आणि त्याला शांत बसण्याच्या संचांनी अर्थ द्या. उरलेल्या भागाला माळा द्या, टोकाच्या खुणेसकट. मग वरचे अ, ब आणि क त्या व्याख्येतून चालवा. अ आणि ब यांचा अर्थ सारखा आला तर व्याख्या अजून अपुरी आहे. वेगळा आला तर उलट बाजू तपासा: निवड आधी करणारी आणि नंतर करणारी, त्या य = १, य = २ वाल्या दोघी घ्या. त्यांचा अर्थ मात्र सारखाच यायला हवा.